आमचं घर वगळलं

रविवार

मरियामातेची मूर्ती दरवर्षी वाडीत घरोघर एकेक दिवस राहते. आज माझी पाळी. सकाळीच टेबलावर पांढरी चादर घातली, प्रार्थनेनंतर वाटायला चणे उकडले. आणि मूर्ती शेजारच्या फिलीपकडून थेट पुढच्या घरी गेली. त्याची बायको म्हणते, "बाबा, एकट्याला कशाला तरास? सगळी वाडी येते प्रार्थनेला."

तरास? मी तक्रार केली होती का? चादरीला दोनदा इस्त्री केली. माझी बायको गेली म्हणून हे घर घरांत धरायचं नाही की काय?

रागाने मी प्रार्थनेला गेलोच नाही. तर ती आटोपून सगळी वाडी माझ्या दारात. "बाबा, बरं न्हाय काय?" अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मातेला तेवढं तिकडेच ठेवून आले.