देणाऱ्यालाही शून्य

पुणे, ६ सप्टेंबर २००२

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर शीलाचं आहे, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं. मी सांगते, ती लिहिते, आणि मध्येच थांबून विचारते की आजोबांना हे कळवायलाच हवं का. हवं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत, आणि ती तुमच्याच नातवाने, रामदासने मोडली आहेत.

आमच्या कॉम्प्युटरच्या वर्गात दर पंधरवड्याला एक प्रोग्राम लिहून द्यावा लागतो. सयाजीमामांचा निरोप आला होता की त्याच वर्गात त्यांचा रामदास अडलाय. नागपंचमीला मी घरी आले तेव्हा तुम्हीही म्हणालात की भाताच्या आवणीला आपण सावड करतो, आज ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या, मग शिकताना का नको. मी माझा प्रोग्राम फ्लॉपीवर घालून त्याला दिला. त्याने वरचं नाव तेवढं बदललं.

बाईंनी दोन्ही समोर ठेवले. त्यांचा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर आहे: पद्धतीवर हवं तेवढं बोला, लिहा मात्र आपापलं. नक्कल सापडली तर घेणाऱ्यालाही शून्य, देणाऱ्यालाही शून्य. दुसऱ्यांदा सापडला तर वर्षभर वर्गाबाहेर. माझं हे पहिलं, रामदासचं दुसरं. म्हणून त्याने मला सांगितलं की कॉलेजच्या चौकशी समितीपुढे म्हण, प्रोग्राम रामदासचाच होता, मी त्याच्या नकळत उचलला. माझं शून्य होतंच, मग माझं काय जातंय असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. त्याने माझा हात टेबलाच्या लोखंडी खणात धरला आणि खण लाथेने बंद केला. आवाज शीलाला दाराशी ऐकू आला.

समिती वीस तारखेला बसते. आईला एवढंच सांगा की जिन्यावरून पडले.

लोभ आहेच, तो ह्या पत्राने उणा होऊ देऊ नका.

आपली नात,
वैजयंती


डिंगोरे, १२ सप्टेंबर २००२

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कोयता घेऊन ओतूरपर्यंत चालत गेलो. पुण्याच्या जीपमध्ये बसलोसुद्धा. ड्रायव्हर म्हणाला, नाना, कोयता खाली ठेवा, पावणं घाबरत्यात. मग उतरलो. म्हातारा मनुष्य, नातवाचे हात तोडायला निघाला होता. तुझ्या आईला जिन्याचं नाही, खरं तेच सांगितलं. लेकराचं दुखणं आईपासून झाकणं म्हणजे कोंबडं झाकण्यातलं आहे.

परवा सयाजी रामदासला घेऊन अंगणात आला. पोराच्या कपाळाला टाके, डोळा सुजून बंद. म्हणे, बघा तुमच्या लाडक्या नातीनं काय केलं, स्टूल घातलं डोक्यात, आणि पडल्यावर परत घातलं. वैजू, हे तू लिहिलं नाहीस. पहिला घाव मी समजू शकतो. पडल्यावरचा दुसरा कशाला?

सयाजीचं म्हणणं एकच, की पोरीला लिहा, चोरी कबूल कर. मी म्हटलं, लिहिणार नाही. मग तो कोयता घेऊन तुझ्या आईच्या टोमॅटोत शिरला. बांबू, सुतळी, लागलेला माल, सगळं सपासप आडवं केलं. तुझी आई आडवी गेली तर तिला, सख्ख्या बहिणीला, त्याने झिंज्या धरून सरीतून ओढलं. मी कुदळीचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला. त्याने तोच हिसकून माझ्या डोक्यात घातला. नऊ टाके पडले. डॉक्टरांना सांगितलं, माळ्यावरून पडलो. जाताना सयाजी बजावून गेला की वैजी गावात उतरली तर स्टँडवरच उभी चिरीन.

खाटेवर पडून तुझ्या बाईंचा विचार केला. आधी वाटलं, कसली ही शहरातली बाई, देणाऱ्याला कुठं शिक्षा असते का. पण सावडीला माणूस स्वतः येतो, आपली कंबर वाकवतो. माझं उभं भात कापून दुसऱ्याच्या खळ्यावर टाकलं, त्याला सावड कोण म्हणतं? आणि त्याला भात लावायला कधी येणार? मी तुला चुकीचं सांगितलं. बाई बरोबर आहेत.

तेव्हा समितीपुढे सगळं सांग. फ्लॉपी, खण, आणि स्टूलसुद्धा, दोन्ही वेळचं. लपवलेलं गळू आतच पिकतं.

बोटं हलवत राहा. हळद-दूध घेत जा, आणि शीलालाही दे, बिचारीचा हात दुखला असेल.

तुझा,
नाना


पुणे, २१ सप्टेंबर २००२

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे, कावळ्याचे पाय समजून वाचा. तुमच्या टाक्यांचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आईच्या केसांचं वाचलं तेव्हा मला परत स्टूल उचलावंसं वाटलं. म्हणजे मी काही सुधारले नाही.

समितीला स्टुलाचं ठाऊकच नव्हतं. रामदासने कपाळ दाराला आपटल्याचं सांगितलं होतं, मुलीने पाडलं म्हणायची लाज. म्हणजे मी गप्प बसले असते तर एका शून्यावर सुटत होते. मी सांगितलं. तो पडल्यावर परत मारलं, आणि तेव्हा मला बरं वाटत होतं, हेही सांगितलं. समितीतल्या एका सरांनी पेन खाली ठेवलं.

रामदास वर्षभर बाहेर. बोटांचं वेगळं पोलिसांकडे जाणार आहे. मला प्रोग्रामचं शून्य, आणि मारहाणीबद्दल ह्या सत्रात प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे प्रॅक्टिकलचे चाळीस गुणही गेले, मी नापास धरायची. जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. पण वर्गात आहे. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, तुला शून्य देताना माझा हात अडला नाही, पण जानेवारीत पहिल्या बाकावर बस.

निकाल ऐकून रामदास जिन्यात बसून रडला. मी जवळून गेले, थांबले नाही. दिवाळीला यायची हिंमत नाही.

आशीर्वाद द्याल तसे रागेही भरा, दोन्ही चालेल.

आपली,
वैजयंती


डिंगोरे, २७ सप्टेंबर २००२

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

निकाल कळल्यावर सयाजी कोयता पिशवीत घालून स्टँडवर गेला, पुण्याच्या गाडीसाठी. बातमी शेजारच्या कोंडाबाईने आणली. मी डोक्याचं फडकं बांधून पोहोचलो तेव्हा जीप निघायच्या बेतात होती. मी पुढच्या चाकासमोर आडवा पडलो. सयाजी उतरला, मला फरफटत बाजूला केलं, छातीवर पाय दिला. मी खालूनच म्हटलं, दाब, बापावर सुरुवात कर, म्हणजे पोरीपर्यंत हात दमेल. लोकांनी त्याला धरून मागे ओढला.

तिथून त्याच जीपने पोलिसात गेलो. साहेबांनी विचारलं, बाबा, टाके कशाचे. तू तिथं पुण्यात न विचारलेलं सांगितलंस, मला तर समोरून विचारत होते. सांगितलं, माळ्यावरून पडलो नाही, मुलाने मारलं. मुलाचं नाव विचारलं. बारशाला हे नाव मीच ठेवलं होतं. सांगितलं.

सयाजी आत आहे. सून दारात येऊन मला शिव्या घालून गेली, तिचं बरोबर आहे. रात्रीचं जेवण मला दोन दिवस जात नाही, तुझी आई ताट झाकून ठेवते.

दिवाळीला ये. वाट मोकळी आहे, आणि ती मोकळी करताना मला काय झालं हे विचारू नकोस.

मायेला वाटे पडले तरी तुझा वाटा शाबूत आहे, एवढं धरून ठेव.

तुझा,
नाना