पाठ झालेला तक्ता

४ मे

चि. सुतारबुवास,
ताईचे आशीर्वाद, सोबत पाठीत एक धपाटा.

फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मागे करवत ओरडत असते, म्हणून पत्र. काम आहे. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवीन मशीन आलंय. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांतून रक्त कसं वाहतं त्याचं चित्र हे मशीन काढतं. सुई नाही, औषध नाही. पोराने हनुवटी टेकवायची, आतल्या निळ्या ताऱ्याकडे बघायचं आणि पाच-सहा सेकंद हलायचं नाही. बटण दाबणारी मी.

आमच्या डॉक्टर मॅडम आळशी डोळ्याच्या मुलांचा अभ्यास करतायत. आळशी डोळा म्हणजे बाहेरून अगदी धडधाकट, पण लहानपणापासून मेंदू त्याचं ऐकतच नाही, सगळा कारभार दुसऱ्या डोळ्यावर. अशा डोळ्यात रक्तही कमी वाहतं का, हे मॅडमना बघायचंय. कुणी म्हणतं हो, कुणी म्हणतं छे. ती मुलं मिळालीत. पण तुलनेला चांगल्या डोळ्यांची मुलं हवीत आणि ती काही केल्या मिळत नाहीत. धडधाकट पोराला दवाखान्यात कोण आणणार?

म्हणून म्हटलं, आपली भिंगरी आहे की. सात वर्षांची, नजर घारीची. सुट्टी लागलीय, तर वहिनीबरोबर तिला पाठवून दे. न हलता बसायचं तेवढं आत्तापासून शिकव. आपल्या घराण्यात ते अजून कुणाला जमलेलं नाही.

लोभ आहेच, त्याच्यावर रंधा मारू नकोस.

तुझी ताई


९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

भिंगरी येते आहे, आईसकट. नजरेचं म्हणशील तर तुझ्या भाचीला तोड नाही. तू तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातला जुना अक्षरांचा तक्ता दिला होतास ना, तो अजून कारखान्याच्या भिंतीवर आहे. ती अक्षरं शिकली ती त्याच्यावरच. मागे शाळेत डोळे तपासायला आले होते, त्यांचाही तक्ता नेमका तोच. बाईसाहेबांनी शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचला.

आणि सुतारकी तर रक्तातच आहे. फळी सरळ आहे का ते बघायला मी एक डोळा मिटतो ना, तशी तीही मिटते, नेहमी डावाच. मग म्हणते, बाबा, ही पोटात वाकलीय. आणि फळी खरंच वाकलेली निघते. मी आल्यागेल्याला सांगतो, कारखान्याला वारस मिळाला म्हणून.

न हलता बसायचा सराव चालू आहे. काल पूर्ण दहा मिनिटं बसली. झोप लागली होती.

तुझा लाडका आणि एकुलता एक,
सुतारबुवा


२३ मे

चि. भाऊरायास आशीर्वाद.

हे पत्र करवत बंद करून, बसून वाच. वहिनी घरी पोचली की सांगेलच, पण मला माझ्या हाताने लिहिलं पाहिजे. भिंगरीचा डावा डोळा आळशी आहे.

मशीनच्या आधी तक्ता वाचून घेतात. उजवा डोळा झाकला, तरी डाव्याने तिने अख्खा तक्ता धडाधड म्हटला. मी सगळ्यांत मिरवून घेतलं. मग मशीनवर उजवा डोळा छान झाला, पण डावा काही ताऱ्यावर ठरेना. चित्र मधे-मधे तुटायचं. चार वेळा झालं तसं. मी खेकसले तिच्यावर, नीट बघ ना गं म्हणून. तर ती शांतपणे म्हणाली, आत्या, या डोळ्याला तारा दिसतच नाही. मग तक्ता कसा वाचलास, म्हटलं. म्हणाली, तो मला पाठ आहे, आपल्या भिंतीवरचाच आहे ना तो. उलटासुद्धा म्हणून दाखवला. तिला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं, एक डोळा बघायला आणि एक नुसता जोडीला.

दिवसाला चाळीस पोरांचे डोळे बघते मी, आणि दिव्याखाली अंधार. तक्ता मीच दिला होता रे. मला रडू आवरलं नाही, वहिनीनेच मला पाणी दिलं.

शेवटी मॅडमनी बाहेरचा एक दिवा धरून तिला उजव्या डोळ्याने तिकडे बघायला लावलं, तेव्हा डाव्याचं चित्र मिळालं. रक्त वाहतंय. मला रक्तवाहिन्यांची जाळी किंचित विरळ वाटली, पण मॅडम म्हणाल्या, एका चित्रावरून काही बोलायचं नाही. तिच्या कागदांचं पाकीट निरोगी मुलांच्या कप्प्यातून काढून दुसऱ्या कप्प्यात मीच ठेवलं.

आता कामाचं. डाव्याचा नंबर मोठा आहे, चष्मा लागेल. शिवाय रोज चार तास चांगल्या उजव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे डाव्याला झक मारत बघावं लागेल. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. अजून दोन-तीन वर्षं अशीच गेली असती तर त्या डोळ्याची आशा फार थोडी उरली असती. पट्टी काढा म्हणून ती रडेल. तू विरघळू नकोस.

रागावलास तर रागाव, पण उत्तर दे.

तुझी ताई


२९ मे

ताईस न. वि. वि.

चष्मा आणला. पट्टी लावतो. तक्ता फाडून भुशात टाकला.

दवाखान्यातली रद्दी पोरीला देताना तुला एवढंही सुचू नये? दर सुट्टीत येतेस, तिला मांडीवर घेऊन बसतेस, तेव्हा काय बघत होतीस? तुला तुलनेला पोरं कमी पडली म्हणून माझी सापडली. नाहीतर तुझ्या डोळ्यांदेखत तिचा डोळा गेला असता.

पुढचं इथल्या डॉक्टरांकडे बघू. पत्राची तसदी घेऊ नकोस. लोभाचं नंतर बघू.


१७ जुलै

ती. ताईंस,
शि. सा. न.

यांना न सांगता लिहितेय. तुमच्यावर खापर फोडून मोकळे झाले, पण मोकळे कुठले, त्यांना त्यांचंच खातंय. परवा हातात फळी घेऊन बसले होते. म्हणाले, त्या डोळ्याने तिला दिसत नव्हतं म्हणून ती तो मिटायची आणि मी गावभर कौतुक सांगत सुटलो. एवढं बोलले आणि डोळे पुसले. तुमचा विषय काढला की मात्र उठून जातात.

पट्टीचे हाल विचारू नका. पहिल्या आठवड्यात पोर कामाच्या टेबलावर जाऊन आदळली. दोनदा यांनीच पट्टी काढून दिली, मी भांडले. मग एक दिवस यांनी स्वतःच्याही डोळ्यावर पट्टी लावली आणि तसेच कामाला बसले. हातोडा अंगठ्यावर बसला. तेव्हापासून भिंगरी मुकाट्याने पट्टी लावून घेते, बाबांवर लक्ष ठेवायला.

आता यांनी प्लायवूडची अक्षरं कापलीत, चार आकारांची. भिंतीवर खाच पाडलेली फळी ठोकलीय, तिच्यात ती उभी करतात आणि पोरीला दारातून वाचायला लावतात. रोज नवा क्रम, पाठ होऊ नये म्हणून. हे बरोबर चाललंय का, तेवढं कळवा. तुमचं नाव न घेता सांगेन.

तुमच्यावरची माया आटलेली नाही, एवढं धरून चाला.

भिंगरीची आई


२४ जुलै

प्रिय वहिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र कामावर दोनदा वाचलं, घरी तिसऱ्यांदा. त्याने केलंय ते झकास आहे, आमच्या दवाखान्यातही असं नाही. दोनच गोष्टी सांग. अंतर आणि उजेड रोज तोच ठेवा. आणि फळीवर नुसती सुटी अक्षरं लावा, शब्द कधीच नाही. एक अक्षर कळलं की पोरं बाकीचं अंदाजाने जुळवतात, आणि आपली तर पाठांतराची राणी. म्हणून काना-मात्रा कापूच नयेत. चुकली तर ओरडू नका, वहीत लिहून ठेवा.

तिच्या डाव्या डोळ्याचं चित्र मी अधूनमधून उघडून बघते. सात वर्षं त्या डोळ्याला कुणी विचारलं नाही, तरी रक्त बिचारं येतच होतं. मला त्याने धीर येतो.

मला त्याची आठवण येते हे त्याला सांगू नकोस, उगाच फुगेल. तुझी माया अशीच राहू दे, सध्या तेवढीच आहे मला.

ताई


५ डिसेंबर

ती. आत्याला भिंगरीचा पट्टी लावून नमस्कार.

हे पत्र मी डाव्या डोळ्याने लिहितेय म्हणून अक्षर वाकडं आहे. आई म्हणते, एरवीही तसंच असतं.

आधी मला फक्त मोठी अक्षरं दिसायची. आता तिसरा आकार सगळा येतो आणि चौथा कधीकधी येतो. डॉक्टर म्हणाले, खूप सुधारणा आहे, पण पट्टी अजून सोडायची नाही. मला आता फळी डाव्या डोळ्यानेपण बघता येते.

काल गंमत झाली. बाबा सकाळपासून काहीतरी बारीक कापत होते. मग मला दारात उभं केलं. मी म्हटलं, बाबा, आज अक्षरांच्या डोक्यावर काड्या आहेत, शब्द नाही लावायचे, आत्याने सांगितलंय. मग मी जीभ चावली, कारण ते गुपित होतं. बाबा म्हणाले, कुणी सांगितलंय ते मला पहिल्यापासून माहीत आहे, तू वाच.

चौथा आकार होता. मला खूप वेळ लागला. माझ्या डोळ्यातून पाणी आलं तरी बाबा वाट बघत थांबले. मी वाचलं: ताई, घरी ये. चुकलो.

बाबांनी विचारलं, अंदाजाने तर नाही ना वाचलंस? मी म्हटलं, अंदाजाने कसं येईल, तुम्ही कधी चुकलो म्हणतच नाही. मग बाबांनी कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं, चारही शब्द बरोबर.

आत्या, लवकर ये. येताना तक्ता आणू नकोस.

तुझी भिंगरी