बंद घर सोडून पुढे

३ फेब्रुवारी १९९७
आलो एकदाचा सुरतेत. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात नोकरी, डिंडोलीत खोली. काम माझ्या आवडीचं: सगळ्या विभागांतले संगणक जोडायचे आणि बॉयलरचा इशारा सगळीकडे पोचवायचा, मधली तार तुटली तरी. घरमालकीण पुष्पाबाई धुळ्याकडच्या. 'योगेंद्रभाऊ, तुम्ही एकटेच राहणार?' म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला शेवभाजी आणून दिली. नाही म्हणायला आपण काय खुळे आहोत?

९ फेब्रुवारी
गल्लीची एक रीत कळली. गावाकडं कुणी वारल्याची खबर आली की प्रत्येक घर पुढच्या दोन घरांना सांगतं. ऐकणाऱ्यानं दारात येऊन 'आयकं', म्हणजे ऐकलं, असं म्हणायचं. उत्तर आलं नाही तर घर बंद समजून त्याच्या पुढच्या दारी जायचं. कुणी सुटत नाही आणि उगाच आरडाओरडाही नाही. मी हीच रीत जशीच्या तशी उचलली. प्रत्येक मशीन दोघांना सांगेल, जे उत्तर देणार नाही ते मेलं समजून बाकीचे त्याला वगळतील.

१६ फेब्रुवारी
रविवार असून प्रोग्रॅम लिहीत बसलो. शेजारचे हिलालभाऊ दार वाजवून कुणाची तरी खबर सांगत होते. हातातली ओळ तुटेल म्हणून गप्प राहिलो. कोण कुठला मेलेला माणूस, मला काय त्याचं? ते पुढे गेले.

१९ फेब्रुवारी
चाचणी झाली. इशारा सगळीकडे पोचला, फक्त माझ्या टेबलावरच्या मशीनला नाही. बाकीचे त्याला मेलं समजतात. तार बदलली, कार्ड बदललं, तरी तेच. साहेब मात्र खूश. शाबासकी दिली ती माझ्या शेजारच्याला. मी समोरच होतो.

२१ फेब्रुवारी
पुष्पाबाई भाजीची वाटी घेऊन माझ्या उघड्या दारावरून पलीकडच्या खोलीत गेल्या. हाक मारली, वळल्या नाहीत. हिलालभाऊंना गाठून सांगितलं, त्या दिवशी मी ऐकलं होतं, चुकलंच माझं. ते दाढी करत राहिले. आरशात मी—

नको. फार एकटं वाटतंय.

२३ फेब्रुवारी
बूथवरून आईला फोन लावला. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मी आई, आई म्हणत होतो. तिनं ठेवून दिला. बूथवाल्यानं पैसेही मागितले नाहीत.

२४ फेब्रुवारी, सकाळ
खबर निघाली आहे. गल्लीच्या टोकाकडून दारं वाजत येतायत. प्रत्येक दारात 'आयकं'. या वेळी चूक नाही. वही हातात घेऊनच उंबऱ्यात उभा आहे. एकदा उत्तर दिलं की झालं, मी पुन्हा सगळ्यांत—

हिलालभाऊ आले. समोर थांबले. मागून पुष्पाबाई म्हणाल्या, हाई घर बंद शे, पुढे चाला.

पलीकडच्या दारात नाव सांगितलं. योगेंद्र. पुष्पाबाईंचा भाडेकरू. सोळा तारखेच्या रविवारीच गेला म्हणे, आतून कडी—

आयकं म्हणतोय मी. ओरडून म्हणतोय. ते पुढच्या दारी—

हिलालभाऊ, आयकं, मी आय—