आतून लावलेली कडी

१४ मे २००६

प्रिय अरुणाताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. गुडघा आता वाकतो, हे वाचून बरं वाटलं. इकडे सफरचंदाला फुलं आलीत, थंडी मात्र हटत नाही. ह्यांची तब्येत सुधारते आहे.

फोनवर मी म्हटलं होतं, हे शिडीवरून पडले. तसं नव्हतं. ह्यांना मारलं. शेजारच्या कॉलिनने.

रिटायर झाल्यावर साउथहॅम्प्टन सोडून आम्ही ह्या खेड्यात आलो, तेव्हा पहिली ओळख त्याचीच झाली. गेल्या वर्षी त्याने आपल्या शेतात, परवानगी न काढता, मुलीसाठी घर बांधायला घेतलं. त्या घराच्या भिंतीने आमच्या किचनमधलं ऊन गेलं. मी म्हटलं, कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लिहा. हे म्हणाले, "राहू दे गं. लेकीसाठी बांधतोय."

शेवटी मीच लिहिलं. डॉक्टरच्या नावाला वजन असतं म्हणून सही ह्यांची केली. ह्यांना सांगितलं नाही.

कौन्सिलने घर पाडायचा हुकूम काढला. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी डिगर, आपल्याकडचा जेसीबी, आला. कॉलिन घण घेऊन धावला. आधी काच फोडली, मग ड्रायव्हरला खाली ओढून त्याच्या हातावर घण घातला. त्याची किंकाळी किचनपर्यंत आली. हे आपली बॅग उचलून तसेच तिकडे पळाले.

कॉलिनने वाट अडवली. "कौन्सिलच्या फाइलमधलं ते पत्र तू लिहिलंस, डॉक्टर?"

ह्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मी तिथेच उभी होते.

"हो. मीच लिहिलं."

घणाचा दांडा तोंडावर बसला. उजवा डोळा तेव्हाच गेला. हे खाली पडल्यावरही तो बुटांनी लाथा घालत राहिला, बरगड्यांत, पाठीत. मग पुन्हा डिगरकडे वळला, तेवढ्यात हे सरपटत आपल्या दाराशी आले.

ताई, कडी मी आतून लावली होती.

"सुप्रभा, दार उघड." दोनदा म्हणाले. अगदी हळू. मी उघडलं नाही. मग कॉलिन आला आणि ह्यांना पायाला धरून फरफटत घेऊन गेला. डोकं पायरीवर आपटलेलं मी ऐकलं. पोलीस आल्यावरच कडी काढली.

काल ह्यांना विचारलं, "पत्र तुमचं आहे असं का सांगितलंत?"

"तो आत तुझ्याकडे आला असता," म्हणाले.

सोमवारी केस उभी राहते आहे. पत्र माझं होतं, हे मी कोर्टात सांगणार आहे. दाराचं मला तिथे कोणी विचारणार नाही. ह्यांनीही विचारलेलं नाही. फक्त हॉस्पिटलमधून आल्यापासून घरातलं एकही दार लावू देत नाहीत, बाथरूमचंसुद्धा.

पोस्टात टाकण्याआधी हे पत्र ह्यांना दाखवणार आहे. डाव्या डोळ्याला अजून अक्षर लागत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.

अजूनही मानत असलीस तर,
तुझी
सुप्रभा