आसऱ्याचं कडवं

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळूनही उत्तराला उशीर झाला, रागावू नका. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बजावलं तरी तुम्ही ग्रंथालयाचा वरचा मजला सोडला नसणार!

इकडे सगळे बरे. बाबांना बस आगारात सकाळपाळी मिळालीय. आईने शेजारणींना सांगून टाकलंय की पोरगी गाण्यांत मोठी पदवी घेतेय. परवा एक काकू म्हणाल्या, "मग एखादं म्हणून दाखव की." मी म्हटलं, "काकू, मी गात नाही, लोकांची गाणी लिहून घेते." त्या आईकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे येत नाहीच हिला!" तेव्हापासून आई माझ्यावरच फुगून बसलीय.

तुम्ही पाठवलेले लेख मिळाले. ज्यांच्याशी गाठ घालून दिलीत, ते पाळणागीतं जमवणारे सरही भरभरून बोलले. आमच्या घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. तुम्ही ओळखी दिल्या नसत्या, तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. हे मी विसरलेली नाही, एवढं आधी लिहून ठेवते.

आता शिवणकामवाल्या मावशींच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाबद्दल. शेवटचा भाग कधी पाठवतेस, असं तुम्ही दोनदा विचारलंत.

गुरुवारी मी त्यांच्याकडे गेले होते. जिन्याखालचं ते दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. एक मशीन, खालची पट्टी दुमडायला आलेल्या पँटींचा ढीग, आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल, त्यावरही कापड. मावशी मला बघताच म्हणाल्या, "अगं, तुम्हा गाणी लिहून घेणाऱ्यांतलाच एक येऊन गेला! काय गोड माणूस! फुलं घेऊन आला होता. तू कधी आणलीस का गं?"

"कोण होते?"

"ताईंनी पाठवलं म्हणाला."

त्याने काय विचारलं, ते मी खोदून खोदून काढलं. विहिरीपासून डावीकडे वळलात की उजवीकडे. पळताना तुम्हाला लपवलं त्या घरात आता कोण राहतं. तिथली नातवंडं काय करतात.

ताई, आपण चाल विचारतो, कुणाकडून शिकलात विचारतो, कधी म्हणता ते विचारतो. नातवंडं काय करतात हे कोण विचारतं?

मावशींच्या लोकांची रीत तुम्हीच मला समजावली होती. देश सोडून पळताना जिथे जिथे थांबले, ते मुक्काम गाण्यात येतात आणि शेवटी आसऱ्याचं कडवं. ज्या घराने लपवलं त्याची खूण आणि घरधनिणीचं नाव. ते म्हटल्याशिवाय गाणं संपवायचं नाही, नाहीतर उपकार विसरल्यासारखं होतं. म्हणून त्या कुणासमोरही गायल्या, तरी ते म्हणतातच. ज्यांच्या भीतीने ते पळाले, तिकडे राज्य अजून त्याच लोकांचं आहे. पळणाऱ्यांना आसरा देणाऱ्यांची घरं ते आजही हुडकतात.

"त्याला ते कडवं म्हणून दाखवलंत?"

"दाखवणारच होते, तेवढ्यात गणवेश न्यायला बाई आली आणि कटकट करत बसली. तो पुन्हा येतो म्हणालाय."

त्या कटकट्या बाईचे पाय धरावेसे वाटले मला.

त्याने सांगितलेल्या विद्यापीठात मी फोन केला. त्या नावाचं तिथे कुणी नाही. पाळणागीतांच्या सरांनाही तो माहीत नाही. कदाचित माणूस सरळ असेल, मलाच नको ते दिसत असेल. तसंच असू दे. पण झोप लागत नाही.

इतकं लिहूनही जे लिहायचं ते टाळतेय. मावशींचा पत्ता मी फक्त तुम्हाला दिला होता.

तुम्ही मुद्दाम काही केलं असेल असं माझ्या मनातही नाही. मला जसे पत्ते दिलेत तसाच मोकळ्या हाताने त्यालाही दिला असेल. त्याच मोकळ्या हातावर मी वाढले, मग रागावू कशी?

परत जाऊन मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मी गाऊही नको?"

"गा ना मावशी, पण त्याच्यासमोर नको."

"आणि तुझ्यासमोर?"

मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते कडवं पुसून टाकलं. दुसरी प्रत नाही. पुसलं गेलं ना, हे त्यांनी दोनदा ऐकून खात्री करून घेतली. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं.

आता माझ्या प्रबंधातलं हे प्रकरण अर्धवट राहणार. शिफारसपत्रात काम अपुरं आहे असं लिहावं लागलं, तर खुशाल लिहा. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तो कोण, तुम्हाला कुठे भेटला, मावशींबद्दल आणखी कुणाला सांगितलंत, हे लगेच कळवा. ज्यांना सांगितलंत त्यांनाही सावध करा. मावशी दुकान बंद ठेवून बहिणीकडे गेल्यात. कुठे, ते मी तुम्हालाही लिहीत नाही.

आणि ताई, ते कडवं मला पाठ आहे. तुम्ही मागितलंत तर नाही म्हणण्याचं बळ माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून मागू नका.

तुमच्यावर विश्वास ठेवू पाहणारी,
तुमची विद्यार्थिनी