लातुरात १४४

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. गेममधले मोठे प्लेअर लिहितात.
नवा मॉनिटर आला. १४४ हर्ट्झ. जुना साठचा होता. म्हणजे चित्र सेकंदाला साठदा बदलायचं, आता एकशे चव्वेचाळीसदा. आजवर हरलो ते जुन्या मॉनिटरमुळंच. समोरचा गोळी मारायचा तेव्हा माझ्या स्क्रीनवर तो अजून भिंतीमागं असायचा.
वायर जोडली. फरक लगेच दिसला. लोण्यासारखं.

४ फेब्रुवारी
सगळ्या मॅच हरलो. डोळ्याला नव्या स्पीडची सवय नाही. रूममेट प्रेम म्हणाला, मला तर पहिल्यासारखंच दिसून राहिलंय. प्रेम माझ्याच दालमिलात पोती शिवतो. त्याची नजर तेवढीच.

६ फेब्रुवारी
कारण सापडलं. फ्रेम रेट. कॉम्प्युटर चित्रं पाठवतो, मॉनिटर दाखवतो. मिलसारखंच. वरून तूर कमी पडली तर चाळणी कितीबी जोरात हलवा, खाली काय पडणार? गेममधलं पाणी, सावली, गवत, सगळं बंद केलं. फ्रेम दीडशेवर गेल्या.
संध्याकाळी हरलो. गवत बंद केल्यावर लपायला जागाच राहिली नाही.

१२ फेब्रुवारी
२२ तारखेला नांदेडला टूर्नामेंट. जिंकलो की टीममध्ये. मिल सोडणार.
अडचण एकच. त्याच रविवारी धर्माबादला पोरगी बघायला जायचंय. शिल्पा. फोटो मोबाइलमध्ये आहे. रोज बघत नाही, जेवायच्या आधी फक्त. मिलमधला सातवी पास पोरगा म्हणून बाकी सगळ्यांनी नकार दिला, ह्यांनी या म्हटलं. बाबा म्हणाले, ही सोयरीक गेली तर मी परत कुणाच्या दारात उभा राहणार न्हाई. बाबांना घाई आहे. टीममध्ये आलो की स्थळांची रांग लागेल. पहिला नंबर शिल्पालाच देईन.

१३ फेब्रुवारी
आईला फोनवर सांगितलं, १४४ लावली. रेंज नव्हती. आई म्हणाली, अरे देवा, कशामुळं रे? म्हणालो, रोजची मारामारी, दुसरा इलाज नव्हता. ती म्हणाली, बाहेर पडू नको बाबा.
आईला गेममधलं एवढं कळतं हे माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी
बाबांचा फोन. आईनं गावभर सांगितलंय की लातुरात १४४ लागली. जमावबंदी. बाबा म्हणाले, टीव्हीवर तर काईच दाखवंनात. मागून सुदामकाका ओरडले, बातमी दडपून राहिलेत रे! मग बाबा म्हणाले, बावीसच्या रविवारी निघू नको, पोलीस लई मारतात. पाव्हण्याला कळवतो, त्याच्या पुढचा रविवार धरू.
मी खोटं बोललो नाही. फक्त दुरुस्ती केली नाही. १४४ लागलेली आहेच, माझ्या टेबलावर.

२२ फेब्रुवारी, नांदेड
पहिल्याच राउंडला बाहेर. तिथले मॉनिटर २४० चे. एवढं स्मूथ की माणूस गोंधळतो.
ज्यानं मारलं तो पोरगा चांगला. चहा पाजला. आदिनाथ, धर्माबादचा. कुठून आलात विचारलं. लातूर म्हणालो. तो म्हणाला, अवो, तिथं तर जमावबंदी हाय! आमचे होणारे दाजी तिथंच अडकलेत बिचारे. तुम्ही कसे निघालात?
म्हणालो, मागच्या गल्लीनं.
मग त्यानं नाव विचारलं. दुसरं सुचलं नाही, खरं सांगितलं. चहा अर्धाच राहिला.

२३ फेब्रुवारी
बाबांचा फोन. धर्माबादवाले म्हणतात, लग्नाआधीच असं खोटं, तर पुढं काय? बाबांनी फोन ठेवून दिला.
टूर्नामेंटच्या ग्रुपमधून आदिनाथचा नंबर काढला. समजावलं, १४४ म्हणजे हर्ट्झ. आईचा गैरसमज. तो खूप हसला. म्हणाला, दाजी, एवढंच व्हय? सेटिंगचा फोटो पाठवा, आमच्या वडलांना दाखवतो. खरं असलं तर मी लढतो तुमच्यासाठी.
सोयरीक वाचली.

२४ फेब्रुवारी
मॉनिटरला सेटिंग असते हे माहीत नव्हतं. प्रेमनं शोधून पान उघडलं. मी फोटो काढून लगेच पाठवला. पुरावा म्हणजे पुरावा.
आदिनाथचं उत्तर आलं: दाजी, हे तर साठवरच चालू हाय.
मिनिटभरानं ते डिलीट केलं. परत आलं, एक शब्द कमी: हे तर साठवरच चालू हाय.
१४४ लावली. एक मॅच खेळलो. मरताना लई स्पष्ट दिसलं.