ओव्हरी राहतील

३ जानेवारी १९७४

सकाळीच हॉस्पिटलच्या थिएटरमधून लॅबला फोन. एका बाईच्या दोन्ही ओव्हरी निघणार आहेत, लवकर या. वाटेत बाजारातून थर्मासात बर्फ भरून घेतला. मासळीवाला आता ओळखतो. "दिदी, आजओ शुधु बोरोफ?" हो, आजही नुसता बर्फच. इतक्या वेळा येऊन मासा घेत नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या विद्यार्थिनीने, शिखाने, तुकडे करून तीन बशांत ठेवले. एक बशी साधी. एकीत पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन, एकीत गर्भाच्या वारेचं. उद्या दळायचं, किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन घालायचं, पेशींनी किती धरून ठेवलं ते मोजायचं. वीज राहिली तर.

४ जानेवारी

वीज गेलीच. सेंट्रिफ्यूज मध्येच थांबलं. नळ्या बर्फात खोचून दोघी उभ्या. शिखा रडकुंडीला. "गेलं सगळं, दिदी." म्हटलं, रडायचं तर रड, हात बर्फातून काढू नकोस. वीज आली. आकडे आले. पुन्हा तेच! पिट्यूटरीच्या बशीतल्या पेशींनी जास्त इस्ट्रोजेन धरलं, वारेच्या बशीतल्यांनी कमी.

म्हणजे पेशीत इस्ट्रोजेनला धरणाऱ्या जागा, आमचे रिसेप्टर, कायमच्या ठरलेल्या नसतात. दुसरं हार्मोन येऊन त्या वाढवतं, घटवतं. ओव्हरी हार्मोन सोडते हे शाळेतल्या मुलींनाही शिकवतात. ती ऐकतेसुद्धा. पेपरात हे वाक्य चालणार नाही. इथे चालेल.

माझा रक्तस्राव पुन्हा सुरू. गेल्या महिन्यात कपड्यांवरून, खुर्च्यांवरून फार शोभा झाली. उद्या हॉस्पिटलच्या सर्जनना, डॉ. सेनांना दाखवणार. किती दिवस टाळायचं.

५ जानेवारी

दाखवलं. गर्भाशयात गाठी आहेत, मोठ्या. गर्भाशय काढावं लागेल. हे मला अपेक्षित होतं, वादही नाही. पण पुढे म्हणाले, "ओव्हरी त्याच वेळी काढून टाकू. या वयात त्यांचं काय काम? पुढे कॅन्सरची भीती नको." आणि मग हसून, "शिवाय तुमच्याच लॅबला उपयोगी पडतील, मिसेस जोगळेकर."

मी हसले नाही. विचारलं, "ओव्हरीत काही खराबी दिसते का?"

"तशी नाही."

"मग राहू द्या."

ते म्हणाले, मिस्टर जोगळेकरांशी बोलतो. म्हटलं, त्यांना ओव्हरी नाहीत. नर्स तोंड फिरवून खोकली.

डॉ. सेनांचा हात चांगला आहे. शहरात यांच्याइतका चांगला मला दुसरा माहीत नाही. म्हणून त्यांच्याकडेच करून घेणार. पण माझ्या अटीवर.

१० जानेवारी

एक गोष्ट स्वतःशी मांडून ठेवते. आमच्या बर्फात येतात त्या बहुतेक ओव्हरी धडधाकट असतात. गाठी गर्भाशयाला, आणि काढतात सगळंच. इथे तशीच पद्धत आहे. ती पद्धत आहे म्हणून आमचं काम चालतं. उगीच गोड बोलून हे झाकायचं नाही.

१७ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू, नलू काळेकडे. नवरा बँकेत, बदलीवर आलेले. खिदिरपूर, भवानीपूर, कुठून कुठून आपल्या मराठी बायका जमल्या होत्या. तिळगूळ, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे. मी ऑपरेशनचा विषय मुद्दाम काढला. मग काय, एकेक बोलू लागली.

नलू: "माझं नागपूरलाच काढलं सगळं. सुटले बाई."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं. मी काय आत डोकावून बघितलं का?"

हसल्या सगळ्या. मीही. मग नलूच हळू आवाजात म्हणाली की त्या दिवसापासून अंगाची आग होते. थंडीत पंखा लावते, झोप नाही, नवऱ्यावर, मुलांवर वस्सकन जाते. "वय झालं म्हणायचं." वय एकेचाळीस! तिला कोणी विचारलं नव्हतं. नंतर सांगितलंही नाही. आणखी दोघींचं तेच. एकीने तर मलाच विचारलं, ओव्हरी आणि गर्भाशय वेगवेगळं असतं का?

बी.ए. झालेली बाई.

निघताना नलू जिन्यापर्यंत आली. "प्रमिलाताई, तुमचं काढू नका हं देऊ." मी म्हटलं, नाही देत. इतक्या लोकांत तीच एकटी असं म्हणाली.

२० जानेवारी

वसंतरावांनी सही करून टाकली. डॉ. सेनांनी त्यांना परस्पर बोलावलं, कागद पुढे केला, यांनी केली. गर्भाशय व दोन्ही ओव्हरी काढण्यास पतीची संमती. घरी येऊन चहा पिताना सहज सांगितलं.

"वाचलंत काय?"

"पेन्सिलने फुली होती तिथे केली. प्रमिला, डॉक्टर सांगतात ते..."

यांचा सगळा जन्म कस्टममध्ये गेला. खालून फाइल येते, जिथे फुली असेल तिथे साहेब सही करतात, आणि कुठलंतरी जहाज धक्क्यावरून सुटतं. म्हटलं, मी जहाज नाही.

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "मला भीती वाटली गं. कॅन्सर म्हणाले." खरं आहे. माझी आई गेली त्यानेच, पण तो जठराचा कॅन्सर, ओव्हरीचा संबंध नव्हता, हे यांना माहीत आहे. तरी भीती ती भीती. भीतीबद्दल राग नाही. न विचारता सही केली याचा आहे, आणि तो राहील काही दिवस. आज भाजीत मीठ जास्त पडलं. तसंच वाढलं.

२२ जानेवारी

डॉ. सेनांकडे गेले. नवीन कागद मागितला. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मग मुद्द्यावर आले.

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच असं करू लागलात तर उद्या वॉर्डातली प्रत्येक बाई विचारेल."

"विचारू दे."

"मग तुमच्या प्रयोगाला तुकडे कुठून येणार? विचार करा. फोन मीच करायला सांगतो."

धमकी नव्हती. खरोखर समजावत होते. म्हणून जास्त टोचलं. मी म्हटलं, ज्यांची ओव्हरी खराब आहे त्यांची येईल, ज्या आपणहून म्हणतील काढा त्यांची येईल. बाकीच्यांची नको. कमी येतील तर काम सावकाश होईल.

"आणि तुमची विद्यार्थिनी?"

चहा संपवला आणि उठले.

२३ जानेवारी

शिखाला सांगितलं. थिसिस तिचा आहे, नोकरी पुढची तिची. भडकलीच. इतके दिवस "हो दिदी" याच्या पलीकडे न गेलेली मुलगी! "तुमचं आयुष्य झालं, नाव झालं. माझं अजून काहीच नाही. तुम्ही ऑपरेशन करून घरी बसाल, मी काय मोजू? उंदीर?"

उंदरांवर हे काम परदेशात झालेलंच आहे. माणसाच्या पेशींवर करायचं म्हणून तर ती इथे आली. तिचं चूक नाही. मी तसं म्हटलं. आणि हेही म्हटलं की तरी मी मागे घेणार नाही.

दार आपटून गेली. काचेची बशी फुटली. काचा भरून टाकल्या.

२६ जानेवारी

सुट्टी. लॅब बंद असायला हवी, पण गेले. शिखा आधीच आत. टेबलावर गेल्या आठवड्यातल्या बाईचे आकडे ठेवले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

ही बाई बावन्न वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. डॉ. सेनांच्या हिशेबाने निकामी ओव्हरी. पिट्यूटरीच्या बशीत मात्र रिसेप्टर वाढलेले. तरुण बायकांइतके नाहीत, पण साध्या बशीपेक्षा स्पष्ट जास्त. मी तीनदा पाहिलं. नळ्या अदलाबदल झाल्या का विचारलं. शिखा म्हणाली, मलाही तेच वाटलं, म्हणून उरलेल्या तुकड्यावर पुन्हा केलं. तेच.

एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. हे मीच तिला शिकवलं आहे आणि माझ्या सोयीसाठी मोडणार नाही. पण "काम काय?" हा प्रश्न आता डॉ. सेनांनी इतक्या खात्रीने विचारू नये.

२९ जानेवारी

शिखा आपणहून वॉर्डात गेली. ऑपरेशनला थांबलेल्या बायकांच्या खाटांवर बसून बंगालीत गप्पा. ओव्हरी म्हणजे काय, राहू द्यायची का. परत आली ती गंभीर.

"बजबजच्या ज्यूट मिलमधल्या एकीची बायको म्हणाली..." मग स्वतःच दुरुस्त केलं, मिलमधल्या एका कामगाराची बायको. गोंधळली होती. "ती म्हणाली, सगळं काढा, पुन्हा इथे यायला पैसे नाहीत, सुट्टी नाही. दुसरी म्हणाली, नवऱ्याला विचारते. तिसरी म्हणाली, ठेवा. सगळ्याच तुमच्यासारख्या नसतात, दिदी."

"नसू देत. विचारलंस ना?"

"विचारलं."

"बस तर मग."

मिलवालीने तुकडा द्यायला हो म्हटलं आहे. तिची ओव्हरी आम्ही मोजू. पहिल्यांदाच असं होईल की बाईला माहीत आहे.

१ फेब्रुवारी

आज शेवटचं बोलणं. वसंतराव सोबत आले. डॉ. सेनांसमोर आपली जुनी सही स्वतः खोडली, नव्या कागदावर माझी सही आधी, मग त्यांची. पेन परत खिशाला लावलं. राग बराचसा गेला माझा. सगळा नाही.

डॉ. सेन: "ठीक. पण पोट उघडल्यावर आत काय दिसेल ते मी ठरवणार."

"ठरवा. मला सांगून ठरवा."

"तुम्ही बेशुद्ध असाल."

"नसेन. कमरेत इंजेक्शन द्या, कमरेखालचं बधिर करा. गुंगीचं औषध नको. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारून आले, होतं म्हणाले."

त्यांनी फाइल मिटली. मग, "माझ्या थिएटरमध्ये पेशंट बोलत नाहीत."

"मी एकच वाक्य बोलेन. लागलं तरच."

वसंतराव नंतर ट्राममध्ये म्हणाले, तुला खरंच भीती नाही वाटत? वाटते. सुरीची नाही, आवाजांची वाटते. हे त्यांना सांगितलं नाही.

आणि खरोखर काही वाईट दिसलंच तर? तर मी हो म्हणेन. मूर्ख नाही मी. पण मी म्हणेन.

५ फेब्रुवारी, सकाळ. हॉस्पिटल

थिएटरबाहेर फळा आहे, त्यावर खडूने आजची ऑपरेशनं. दुसरं नाव माझं. पुढे: गर्भाशय + दोन्ही ओव्हरी. जुनंच. नवीन कागद फायलीत असेल, फळ्यापर्यंत आला नाही. की येऊ दिला नाही? माहीत नाही.

सिस्टरला म्हटलं, पुसा. म्हणाली, सरांशिवाय हात लावता येत नाही. मग मीच खाटेवरून उतरले, हॉस्पिटलचा झगा सावरत गेले, आणि तळहाताने "दोन्ही ओव्हरी" पुसून टाकलं. सिस्टर घाबरली. "ओ मा! स्यार रेगे जाबेन!" रागावू देत.

वसंतराव बाकावर बसून बघत होते. उठून उभे राहिले. थांबवायला नव्हे, असं वाटलं.

सिस्टर खडू घेऊन फळ्याशी उभी आहे. लिहीत नाही, जातही नाही. आत डॉ. सेनांचा आवाज ऐकू येतोय, कुणाला तरी विचारताहेत, फळा कोणी पुसला.

मला बोलावलं. जाते. हे पान वसंतरावांकडे देते. फळा मी पुसला, हे आत जाऊन मीच सांगणार.